प्रॉम्प्टरनं गप्प कधी बसावं

दिवाळीची सुटी संपली की माझं घरात लक्ष लागत नाही. संध्याकाळचे साडेपाच वाजले की पाय आपोआप चपला शोधायला लागतात. भाजी आणायची नसते, कुणाकडे जायचंही नसतं. तरी मी स्कूटी काढते आणि बडनेऱ्याच्या रस्त्यानं उगाच जाऊन येते. त्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या गेलेल्या असतात आणि बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले असतात. हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग लागलेले असतात. सरकीचा तेलकट वास येतो. मी हे सगळं बघते, परत येते, चहा टाकते आणि तो अर्धा सोडून पुन्हा उठते. नवऱ्यानं पहिली काही वर्षं काळजीनं विचारलं, मग चिडून विचारलं. आता तो पेपरातून मान वर न काढता म्हणतो, "स्पर्धा लागली वाटतं."

स्पर्धा लागलेलीच असते. वऱ्हाडात कापूस वेचणीला येतो तेव्हाच कॉलेजची पोरं एकांकिकेला लागतात. मी मराठी शिकवते आणि सांस्कृतिक विभागही माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे तालमीच्या खोलीला कुलूप लावून घरी जाणारी शेवटची मीच. पोरांचा आरडाओरडा, खडूनं जमिनीवर आखलेला रंगमंच, समोशांचे तेलकट कागद. ह्यातलं काहीही मला नको असतं आणि ह्यातून माझा पायही निघत नाही.

यंदा अंजनगावकडची ऋतू नावाची मुलगी नाटकात आहे. हुशार आहे आणि तोंडाची फटकळ. परवा माझ्या तोंडून सहज एक शब्द निघाला, तर तिनं मला अडवलं.

"मॅडम, प्रॉम्प्टर म्हणजे काय? प्रॉम्प्ट तर आपण मोबाइलमध्ये टाकतो ना, निबंध लिहून घ्याले?"

खोलीभर हशा झाला. मीही हसले. मग सांगितलं, की प्रॉम्प्टर विंगेत नाटकाची कॉपी घेऊन बसतो. नट वाक्य विसरला की त्याला ते हळूच सुचवतो, त्याला ऐकू जाईल आणि प्रेक्षकाला जाणार नाही इतक्या आवाजात.

"मंग पाठच करून याव ना बाप्पा," ऋतू म्हणाली. "येवढ्यासाठी एक माणूस काहून अडकून ठेवा?"

तिचं बरोबर होतं. आता कुणी अडकवून ठेवतही नाही. पण घरी येईपर्यंत तो शब्द माझ्या डोक्यात कुरकुरत राहिला. मी इंग्रजी-मराठी कोश काढला. तत्पर, असा एक अर्थ. प्रवृत्त करणे, भरीस घालणे, हा दुसरा. आणि सगळ्यात शेवटी, नाटकात विसरलेले शब्द सांगणे. कोश वाचायला मला आवडतं, एरवी मी त्यात तासभर रमते. त्या दिवशी मधल्या अर्थावर बोट ठेवून बसले आणि मग कोश मिटून टाकला.

ज्या कोणाला हा शब्द फक्त कोशातून माहीत आहे, त्याला तो कसा वापरतात हे कळणार नाही. मला तो सरांनी दिला. मी अमरावतीत बीएला होते, सर आम्हांला इंग्रजी शिकवायचे आणि नाटक बसवायचे. नाटकातले सगळे इंग्रजी शब्द आमच्याकडे येऊन पार वऱ्हाडी झाले होते. "त्याचा क्यू खाऊ नोको." "एन्ट्री मार ना बे, वाट काय पाहून राहिला?" "पॉज घे म्हणलं होतं, झोप घे नाई म्हणलं." सरांनी प्रॉम्प्टरला 'सूचक' असा मराठी शब्द काढून पाहिला. दोन दिवस आम्ही एकमेकांना सूचक म्हणून चिडवलं आणि तिसऱ्या दिवशी सरच म्हणाले, "जाऊ द्या, प्रॉम्प्टरच बरा." त्यांनी मला त्याचा अर्थ असा सांगितला होता: ज्याला सगळं नाटक पाठ आहे आणि जो नाटकात नाही, तो.

मी प्रॉम्प्टर झाले ती अब्बांमुळे. पातूरला आमचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. अब्बांनी नाटकाला नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "आवाज चलेगी. सामने नहीं आना, बेटा." विंग ही जागा जणू त्यांनी माझ्यासाठीच शोधून काढली होती. शिवाय त्या कामाला लागणारा गुण मी घरूनच आणला होता. पिंजायचं यंत्र सुरू झालं की आमच्या घरात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. म्हणून आम्ही सगळे ओठांवरून वाचायचो. दुकानाच्या टोकाला उभ्या अब्बांना अम्मी मागच्या दारातून नुसते ओठ हलवून सांगायची, की डाळ संपली, आणि अब्बा मान हलवायचे. हवेत कापूस तरंगत असायचा. भुवयांवर, पापण्यांवर बसायचा. मी सहा-सात वर्षांची होते तेव्हापासून समोरचा काय बोलतोय ते त्याचा आवाज न ऐकता मला कळतं. अजूनही कळतं. लग्नाच्या हॉलमध्ये लांबच्या टेबलावर बायका माझ्या साडीबद्दल काय बोलतात तेही कळतं, त्याचा काही उपयोग नाही.

प्रॉम्प्टिंगच्या कॉपीत मी पेन्सिलीनं खुणा करायचे. एक उभी रेघ म्हणजे नट तिथं श्वास घेणार. दोन रेघा म्हणजे मनात तीन म्हणायचे. गोल म्हणजे तो स्वतःहून बोलेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, मग जग बुडो. सर म्हणायचे, वाक्य सांगता कुणालाही येतं, प्रॉम्प्टरची परीक्षा गप्प बसण्यात असते. नट विसरून थांबलाय की मुद्दाम थांबलाय, हे ज्याला कळतं तोच प्रॉम्प्टर. मला ते कळायचं. त्याचा मला गर्व होता, आता सांगायला हरकत नाही.

त्या वर्षांत वऱ्हाडातल्या प्रत्येक स्पर्धेत तेच नाटक असायचं. नावं वेगळी असायची, पण पडदा उघडला की एक शेतकरी, शेवटी एक दोर किंवा एक बाटली. रोजच्या पेपरात एका नव्या गावाचं नाव छापून यायचं आणि आम्ही ते कापून तालमीच्या खोलीत लावायचो. परीक्षक बाहेरगावचे असायचे, ते डोळे पुसायचे, ढाल द्यायचे आणि निघून जायचे. आमच्यात त्यावर वाईट विनोद चालायचे. ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. आम्ही वीस-एकवीस वर्षांचे होतो आणि आम्हांला नंबर पाहिजे होता.

आमच्यात खऱ्या शेतकऱ्याच्या घरचा एकटा विलास होता, नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यातला. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा. मुख्य भूमिका त्यालाच मिळाली. शेवटच्या प्रसंगात तो रिकाम्या गोठ्यात उभा राहून बोलायचा, हातात दोर, आणि त्याचं शेवटचं वाक्य होतं, "माही वाट नोका पाहू आता." त्यावर अंधार. ह्या वाक्याच्या आधी सरांनी पॉज घेऊ दिला नव्हता. माझ्या कॉपीत तिथं एकही खूण नव्हती.

दोन गोष्टी आम्ही तेव्हा केल्या. त्या करताना कुणालाच काही वाटलं नाही. एक म्हणजे सरांनी विलासला सांगितलं, की स्पर्धेपर्यंत आठ दिवस भूमिकेत राहा. कमी बोल, कमी खा, एकटा बस. आणि दुसरी, आमची नेहमीची पद्धत. नाटकाचं सामान विकत आणायचं नाही, ज्याच्या घरी जे असेल ते त्यानं आणायचं. कुणी कंदील आणायचा, कुणी आजीचं लुगडं. विलासनं त्याच्या बाबांची बंडी आणि घरातला दोर आणायचं कबूल केलं. नाटक करतो हे त्यानं घरी सांगितलेलं नव्हतं, अभ्यास सोडून हे काय म्हणून बाबा रागावतील म्हणून. त्यामुळे तो दोन दिवसांसाठी गावी गेला, सरांच्या सांगण्याप्रमाणे गप्पगप्प राहिला, अर्धी भाकर ताटात टाकून उठला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे दोर आणि बंडी पिशवीत घालून कुणाला न सांगता निघून आला.

त्या वर्षांत. वऱ्हाडातल्या एका शेतकऱ्याच्या घरातून. दोर.

हे लिहिताना आजही मला खुर्चीत बसवत नाही. मी उठून खिडकीपाशी जाऊन आले.

स्पर्धा त्याच दिवशी अकोल्याला होती आणि आमचं नाटक दुपारी चारला. मूर्तिजापूर ओलांडलं तशी गाडीत पोरं गाणी म्हणायला लागली, विलास मागच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. तुरी फुलल्या होत्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या. अब्बा पातूरहून येऊन हॉलच्या दारात उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्यांनी आदल्या आठवड्यात कबूल केलं होतं, पहिला नंबर आला तर पुढच्या फेरीला नागपूरला जाऊ देईन. न आला तर हे शेवटचं, मग परीक्षेचा अभ्यास. ते सातव्या रांगेत कडेला बसले. मी विंगेतल्या स्टुलावर कॉपी घेऊन बसले. पडद्याच्या धुळीचा वास आणि दाढी चिकटवायच्या गोंदाचा वास, दोन्ही मिळून एक वास होतो. तो मला आजही कुठूनही ओळखता येतो.

नाटक छान चाललं होतं. हॉल गप्प होता. विलास रिकाम्या गोठ्यात आला, बोलला, आणि शेवटच्या वाक्यापाशी पोचणार तेवढ्यात हॉलचं मागचं दार उघडलं. बाहेरचं ऊन मधल्या वाटेत आडवं पडलं. दारात एक माणूस उभा होता, खांद्यावर दुपट्टा, हातात कापडी पिशवी. विलासनं तिकडं पाहिलं आणि तो थांबला.

मी त्याच्या ओठांकडे बघत होते. ओठ हलले. त्यांतून आवाज आला नाही, पण मला स्पष्ट कळलं. तो "बाबा" म्हणाला.

म्हणजे तो विसरला नव्हता. हे मला त्या क्षणी माहीत होतं, मागाहून कळलं असं नाही. पण कॉपीत खूण नव्हती, वेळ चालली होती, सातव्या रांगेत अब्बा होते आणि मला नागपूरला जायचं होतं. मी वाक्य दिलं. त्यानं घेतलं नाही. मी पुन्हा दिलं, आणि यंत्राच्या घरात वाढलेली मी, घाईत माझा आवाज चढला. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"माही वाट नोका पाहू आता."

दारातला माणूस चालायला लागला. घाई नाही, आरडाओरडा नाही. तो मधल्या वाटेनं आला, बाजूच्या पायऱ्या चढून रंगमंचावर गेला आणि विलाससमोर उभा राहिला. त्यानं विलासच्या हातातला दोर घेतला. घरी आपण गुंडाळतो तसा अंगठा आणि कोपर यांच्यावर वेढे घेत तो त्यानं पूर्ण गुंडाळला, शेवटचं टोक वेढ्यात खोचलं आणि दोर काखेत धरला. मग विलासचं मनगट धरून म्हणाला, "घरी चाल."

ते दोघं माझ्या अंगावरून विंगेत गेले. प्रकाशयोजनेवरच्या पोराला काय करावं सुचेना, त्यानं अंधार केला. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आत मेकअपच्या खोलीत विलासचे बाबा बाकावर बसले होते. पाणी दिलं तर त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. तुटक तुटक त्यांनी सांगितलं ते असं. सकाळी विलासची आई दोर घ्यायला गेली तर खुंटी रिकामी. ती तशीच शेतात धावली, नवऱ्याला बघायला. ते हरभऱ्याला पाणी देत होते. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. आणि मग दोघांच्या एकदमच लक्षात आलं, की पोरगा दोन दिवस बोलला नाही, जेवला नाही आणि पहाटेच कुठंतरी गेला. त्यांनी बायकोला दारात बसवलं, तू इथून हालू नोको म्हणून सांगितलं आणि एसटी धरली. अमरावतीच्या होस्टेलवर खोलीला कुलूप होतं. शेजारच्या पोरानं अकोल्याचं सांगितलं. तिथून ते हॉल विचारत विचारत आले.

"मंधात आवाज आला तो कोणाचा होय?" त्यांनी विचारलं.

"माझा, काका," मी म्हणाले.

"मले वाटलं, विलासची आई होय," ते म्हणाले. "तिले एकटी सोडून आलो ना मी."

मग ते उठलेच. त्यांना लगेच घरी जायचं होतं. विलास चेहऱ्यावरचा रंगही न पुसता त्यांच्यामागे निघाला. गावात त्यांच्या शेजाऱ्याकडे फोन होता, तो लागेना. अब्बांनी ऑटो थांबवला, दोघांना बसवलं आणि बसस्टँडपर्यंत स्वतः गेले.

निकाल सहाला लागला. पहिला नंबर आमचा. परीक्षकांनी भाषणात सांगितलं, की प्रेक्षकांतून झालेली ती एन्ट्री म्हणजे दिग्दर्शनाची कमाल होती, आणि त्याआधी विंगेतून आलेला तो स्त्रीचा आवाज अख्ख्या मातीचा आवाज होता. माझं नाव घेऊन मला मंचावर बोलावलं. अब्बांच्या अटीप्रमाणे मी कधी सामने आले नव्हते, ती अशी आले. सर टाळ्या वाजवत होते. मला खाली बघवत नव्हतं.

बसस्टँडवरून परतल्यावर अब्बा मला घेऊन हॉलबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभे राहिले. म्हणाले, "उस आदमी के हाथ बरफ जैसे ठंडे थे." त्यांनी चहा संपवला, कप ठेवला आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "होंठ तो मुझे भी दिखे थे, बेटा."

त्यांनी एवढंच म्हटलं. ओरडले नाहीत, नागपूरला जाऊ नको असंही म्हणाले नाहीत. सगळ्या जगाला वाटत होतं, की मी माझं काम केलं. सातव्या रांगेतल्या एका माणसाला माहीत होतं, की मी काय केलं. मला त्यांचा राग आला. पहिल्यांदाच वाटलं, की आपल्या घरात ते यंत्र नसतं तर बरं झालं असतं.

सरांना नागपूरला तीच एन्ट्री पाहिजे होती. सर वाईट माणूस नव्हते, हेही मला सांगितलं पाहिजे. ते नाटकानं झपाटले होते आणि आम्हीही. ते म्हणाले, "नसरीन, तू जाऊन ये विलासकडे. तुझं ऐकेल. आणि त्याचे वडील येतात का विचार, एकदा फक्त, तसंच चालत यायचं." मी हो म्हणाले. मला विलासच्या आईला बघायचं होतं, हे खरं. ती बरी आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला जेवण जाईना. पण मला नागपूरही पाहिजे होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

नांदगावला उतरून मी पुढे पायी गेले. विलास आणि बाबा शेतात होते. अंगणात कापसाचा ढीग होता आणि विलासची आई त्यातला किडका, पिवळा कापूस वेगळा काढत बसली होती. लहानखुरी बाई, हात भराभर चालत होते. मी कोण ते सांगितलं. तिनं आत जाऊन पाणी आणलं, चहा टाकला आणि पुन्हा कापसाशी बसली. मीही बसले आणि निवडायला लागले. कापूस मी हातानं ओळखते, लहानपणापासूनची सवय आहे. तिच्यामागे भिंतीवर खुंटी होती, रिकामी. मी तिकडं बघते हे तिनं पाहिलं.

"दोर हिरीवर लावून देला त्यानं," ती म्हणाली. "दिवसभर कामात रायते आता."

मला रडू आलं. ते तिनं बघितलं न बघितलंसं केलं. थोड्या वेळानं म्हणाली, "तू काय करते वं नाटकात?"

मी म्हणाले, "कुणी काही विसरलं, तर आठवण करून देते."

तिनं कापसातला कचरा काढत त्यावर विचार केला.

"मंग त्याले येवढी आठवण करून देजो माय," ती म्हणाली. "घरातली चीज नेतानी सांगून नेत जाय मनाव. बाकी नाटक करा, काई करा. मी नाई म्हनत नाई."

सरांचा निरोप मी दिलाच नाही. विलास शेतातून येईपर्यंतही थांबले नाही. नागपूरला सर विलासच्या जागी दुसऱ्याला घेऊन गेले, एका उंच पोराला प्रेक्षकांत बसवून तीच एन्ट्री केली आणि काही मिळालं नाही. त्यात मी नव्हते. त्यानंतर मी विंगेत बसले नाही. विलास पुढे बीए झाला, शेती करतो, दिवाळीला त्याचा फोन येतो. त्याचे आईबाबा म्हातारे झालेत, बरे आहेत. मी दर वर्षी ते विचारते आणि तो दर वर्षी हसून सांगतो, "अवं, आहेत ना, दोघंही भांडून राहिले." माझी कॉपी अजून कपाटात आहे. त्या शेवटच्या वाक्याआधी मी मागाहून पेन्सिलीनं एक गोल काढून ठेवला. त्याचा काय उपयोग, ते मला सांगता येणार नाही.

लोक म्हणतात, ते दिवस गेले. पेपरात आता पहिल्या पानावर गावाचं नाव येत नाही, आतल्या पानावर येतं. आणि पोरं अजून तीच नाटकं करतात, कारण परीक्षक अजून डोळे पुसतात. मी त्यांना करू नका म्हणत नाही. कोणत्या तोंडानं म्हणू? मी फक्त एक प्रश्न विचारते. सामान जमा करायच्या दिवशी मी टेबलाशी उभी राहते आणि एकेक वस्तू उचलून विचारते, "हे घरी सांगून आणलं का?" पोरांना तो मॅडमचा चाळा वाटतो. लांब उभी राहून माझी नक्कलही करतात, मला ओठांवरून कळतं.

काल तो दिवस होता. टेबलावर कंदील होता, पत्र्याची पेटी होती, चष्मा होता. ऋतूनं कापडात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. मी कापड सोडलं. फवारणीच्या औषधाची बाटली होती, रिकामी, धुतलेली, लेबल अर्धं फाटलेलं.

"घरी सांगून आणली का?"

"मॅडम, रिकामी आहे ती! गोठ्यातल्या फळीवर होती, सकाळी येतानी घेतली. रिकाम्या बाटलीचं काय सांगा?"

"फळीवर भरलेल्याही होत्या का?"

"होत्या ना."

"मग घरच्यांना कसं कळेल, कोणती गेली?"

ती हसायला लागली होती, ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. मग तिनं मोबाइल बॅगेतून काढला. कॉलेजात आल्यापासून तालीम सुटेपर्यंत फोन बंद ठेवायचा, हा माझाच नियम. तिनं तो सुरू केला आणि बघितलं. घरून आलेले फोनच फोन होते, दुपारपासूनचे.

तिनं लावला. एका रिंगमध्ये उचलला गेला. खोली इतकी शांत होती की पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "बाटली तूच नेली ना? ऋतू, तूच नेली ना?"

"मीच वं आई. नाटकासाठी. रिकामी होय." मग एकदम म्हणाली, "बाबा कुठी आहेत?"

"इथीच आहेत. माह्यासमोर बसून आहेत. दुपारपासून बसूनच ठेवलं मी त्याईले."

ऋतूनं फोन माझ्या हातात दिला. मी माझं नाव सांगितलं, ऋतूची मॅडम म्हणून सांगितलं. पलीकडून काहीच आलं नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता. पोरं माझ्याकडे बघत होती, आता मॅडम काय म्हणतील म्हणून. मला म्हणण्यासारखं बरंच येत होतं, सगळं पाठ होतं.

मी काही म्हटलं नाही. फोन कानाला लावून थांबले, ती बोलेपर्यंत.